एवढी एक तोड होऊ द्या

समाधीच्या खड्ड्यात माती लोटायची माझी पाळी आली तेव्हा हातातली ढेकळं तशीच धरून मी थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, "काकू, टाका. मन घट्ट करा." त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच विचार होता : तुमच्या नळीला माती लागेल.

नळी तर दवाखान्यातच काढली होती. गळ्याखाली नुसती पांढरी पट्टी उरली होती आणि तीही विभूतीने झाकली गेली होती. तरी माझा हात पुढे जाईना. डायलिसिस सुरू झाल्यापासून मी तुम्हाला मातीपासून लांब ठेवत आले. बाहेरून आलेल्या माणसाने चपला जिन्यातच काढायच्या, कुंडी घरात आणायची नाही, गावाकडच्या भुईमुगाच्या शेंगा मी धुऊन वाळवल्याशिवाय तुमच्यासमोर ठेवायच्या नाहीत. आणि आता मीच ओंजळभर माती घेऊन तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही मांडी घालून बसला होतात. पायांच्या सुजेमुळे कित्येक महिन्यांत तुम्हाला तशी मांडी घालता आली नव्हती.

टाकली माती. शेवटी टाकलीच.

हे मी तुमच्याशी बोलते आहे, पण वाचणार आहेत रोहन आणि सई. सईने फोनवर विचारलं, "आजी, आजोबांना जाळलं नाही? जमिनीत बसवलं?" आपल्यात बसवतात, आपल्याच शेतात बसवतात, हे त्या पोरीला कॅनडात कोण सांगणार? म्हणून ठरवलं की सगळं नीट क्रमाने लिहायचं. तुम्ही म्हणाल, "घेतला मास्तरीणबाईनं तास." घेते.

मुलांनो, तुमचे आजोबा दिंद्रुडचे शेतकरी आणि मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. त्यांची मूत्रपिंडं थकली तेव्हा आम्ही अंबाजोगाईला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं, कारण आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचं होतं. हातात सुई घालायची सोय टिकली नाही, म्हणून गळ्याखाली नळी बसवली. डॉक्टर म्हणाले, "या नळीतून जंतू गेले तर थेट रक्तात. शेतात जायचं नाही. मातीत हात घालायचा नाही." तुम्ही मान डोलावलीत. घरी आल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसलात ते संध्याकाळपर्यंत उठला नाहीत.

तसे तुम्ही पुष्कळ दिवस बसलात. समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कोणीतरी एरंड वाढू दिला होता, त्याच्याकडे बघत. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. तुम्ही हं म्हणायचात. मशीनच्या दिवशी रिक्षा, चार तास, परत रिक्षा, वरणभात, झोप. तुम्ही घरातच होतात आणि तरी घरात कोणी नाही असं मला वाटायचं.

मग एका रविवारी रोहनने फोनवर त्याच्या खिडकीतली बरणी दाखवली. बाहेर बर्फ आणि बरणीत हिरवागार पाला, मुळं पाण्यात लोंबत असलेली.

तुम्ही चष्मा वर केलात. "ह्याची माती कुठं हाय?"

"माती नाही, आजोबा. नुसतं पाणी आणि औषध."

"मग ते खातंय काय? वारा?"

रोहन हसला, तुम्हीही हसलात. फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "लई लबाड धंदा हाय ह्यो." पण त्या रात्री जेवताना परत विचारलंत, "त्याची मुळं पांढरी व्हती ना गं?" मी ते धरून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसले. इंग्रजीत त्या विषयावर जे मिळालं ते वाचलं आणि तुम्हाला मराठीत सांगत गेले.

सुरुवात अगदी साधी होती. बाजारातून झाकणाचा प्लास्टिकचा टब आणला. सळई गॅसवर तापवून झाकणाला भोकं पाडली आणि त्या भोकांत बुडाशी छिद्रं पाडलेले छोटे पेले बसवले. पेल्यात स्पंजाचा तुकडा, स्पंजाच्या चिरेत पालकाचं बी. टबाला बाहेरून काळा कागद, कारण आत उजेड शिरला की पाण्यात शेवाळ धरतं. माशांच्या काचेच्या पेटीला लावतात तसला हवेचा पंप, म्हणजे मुळं गुदमरत नाहीत. बोअरचं पाणी चालेना. आपल्या बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर धरतं, तसाच मुळांवर धरायचं. म्हणून पिण्याचं, क्षार काढलेलं पाणी घातलं.

झाडाचं अन्न दोन बाटल्यांत आलं, एकीवर अ आणि दुसरीवर ब. आधी पाण्यात एक मिसळायची आणि मग दुसरी, हे बाटलीवर लिहिलेलं होतं. मी वेळ वाचवायला म्हणून दोन्ही एकाच पेल्यात ओतल्या. दूध फाटावं तसं ते फाटलं, तळाशी चोथा बसला.

"इंग्रजी लई येतं म्हंता अन् बाटलीवरचं वाचलं न्हाई?"

"वाचलं होतं. विसरले."

"पोरांच्या पेपरला असं झालं असतं तर तुमी सोडलं असतंत का?"

केवढे खूश झाला होतात! मशीनवर बाजूच्या खाटेवरच्या मामांना सांगितलंत, त्यांच्या बायकोला सांगितलंत, सिस्टरला सांगितलंत. आणि त्याच दिवशी घरी येताना रिक्षात एकदम म्हणालात, "मशीनखाली दोन कॅन हायेत, बघितलेस का? त्याच्यावरबी अ अन् ब लिवलंय." मी कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला मुद्दाम पाहिलं. खरंच होतं. दोन्ही द्रव मशीन शुद्ध पाण्यात मिसळतं आणि त्यानेच तुमचं रक्त धुतं. मशीनवर पाण्यातल्या क्षारांचा आकडा दिसतो आणि आपल्या टबालाही तसलाच आकडा बघायचं पेनासारखं मीटर.

"मंजे मला अन् पालकाला एकच डॉक्टर," तुम्ही म्हणालात.

पाण्यावरून मात्र तुम्ही तिला माफ केलं नाहीत, त्या शेतीला. तुम्हाला दिवसाला बाटलीभर पाणी, औषधं आणि चहा धरून. उन्हाळ्यात अंबाजोगाईत माणसाचा घसा कसा सुकतो! तुम्ही बर्फाचा एक खडा तोंडात धरून गॅलरीत बसायचात, टबातले बुडबुडे ऐकत. "मला घोटभर न्हाई अन् ह्यांला टबभर," म्हणायचात. पण वीज गेली की पंप बंद पडायचा आणि तुम्हीच तांब्याने टबातलं पाणी उचलून वरून धार धरायचात, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. मी म्हणायची, "थकाल." तुम्ही म्हणायचात, "गुदमरत्यात ते."

पहिला पालक आला तो तळहाताएवढा. माझा आनंद पोटात मावेना. आणि मग आठवलं की पालक तुम्हाला वर्ज्य आहे. त्यातलं पोटॅशियम तुमच्या हृदयाला चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्यातच होतं ते, आणि मीच ते फ्रीजवर चिकटवलेलं होतं. बी निवडताना मात्र मला फक्त लवकर काय उगवतं एवढंच सुचलं. दोनदा उकळून, दोन्ही पाणी फेकून, तो चोथा मी तुमच्या ताटात चमचाभर वाढला. तुम्ही खाल्लात. "चव गेली सगळी मोरीत," म्हणालात, आणि बाकीची जुडी घेऊन मशीनवर गेलात, पेशंटबरोबर आलेल्यांना वाटायला. त्यांना खाता येत होतं. नंतर ती रीतच पडली. तुमच्या वॉर्डात मशीनला लागलेल्यांपैकी कोणीही ती भाजी खाल्ली नाही आणि तरी सगळे तिची वाट बघायचे.

आता मातीचं सांगते, कारण त्यावरून आपलं भांडण झालं आणि ते मिटायचं राहिलं.

एक दिवस गॅलरीत वास यायला लागला, साचलेल्या डबक्यासारखा. झाकण उचललं तर पाणी काळं. मुळं तपकिरी, हाताला बुळबुळीत. पंपाचा हवा सोडणारा खडा गाळाने बुजलेला. मला आधी काही कळेना. मग खुर्चीखाली टॉवेल दिसला, गाठ सोडलेला, त्याच्या घड्यांत आपल्या शेतातली काळी माती. तुमचे धाकटे भाऊ, शिवा भाऊजी, आदल्या दिवशी येऊन गेले होते.

आपल्याकडे कोणाला रोप दिलं तर मुळाशी त्याच्या जागेची मूठभर माती बांधून देतात. माहेरची माती म्हणतात तिला. तुम्ही ती टबात घातलीत. मुळं पाण्यात लोंबतात त्या टबात, त्या नाजूक पंपावर, मूठभर काळी.

"उपाशी दिसत व्हती," तुम्ही म्हणालात.

"हातात काय घातलं होतंत? मोजे घातले होते?"

"मातीला मोजे?"

मी ओरडले. शेजारच्या ताईंनी दार उघडून पाहिलं इतकी ओरडले. टब गेल्याचं मला काहीच नव्हतं. नळीपासून वीतभर अंतरावर तुम्ही माती हाताळली होती. त्या रात्रभर मी थर्मामीटर घेऊन तुमच्या उशाशी बसले. ताप आला नाही. सकाळी तुम्ही म्हणालात, "बघ, काय झालं?" आणि मी म्हणाले, "नशीब." तुम्ही म्हणालात, "नशीब न्हाई, माती हाय माझी." यावर आपण दोघंही अडून बसलो. मी अजून माझ्या जागी आहे. डॉक्टर जे म्हणाले तेच बरोबर होतं. तुम्ही आता उत्तर देऊ शकत नाही म्हणून मी हे भांडण जिंकले, असं मात्र मी धरत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही ते बोललात. एरवी तुम्ही मला 'मास्तरीणबाई, तुमी' म्हणायचात. चेष्टा नसली की 'तू'.

"तू ऐक. मला आता मशीन नको. मला दिंद्रुडला ने. जितकं चालंल तितकं चालंल."

मशीन सोडलं तर किती चालेल हे दोघांनाही ठाऊक होतं. मी भाजीची सुरी खाली ठेवली. समोर टब होता, नवीन पाणी भरलेला, नुकतं बी टाकलेला. मी म्हणाले, "एवढी एक तोड होऊ द्या."

तुम्ही टबाकडे पाहिलंत. कापणीला आलेल्या भाजीसाठी गाव सोडून लग्नालासुद्धा न गेलेला माणूस तुम्ही. "बरं," म्हणालात. "एक तोड."

दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून आणखी टब आणले.

मुलांनो, पालेभाजी एकदम पेरली तर एकदम संपते. टप्प्याने पेरली तर संपत नाही. एका टबात कापणी, दुसऱ्यात वीतभर, तिसऱ्यात नुकते कोंब. पुस्तकातही हे असंच करायला सांगितलं आहे, घराला रोज ताजी भाजी मिळावी म्हणून. मी त्यासाठी केलं नव्हतं. पालक कापला की मेथी कोवळी असायची. मेथी काढली की सॅलडचा पाला वर आलेला असायचा. तुमच्यासारखा माणूस उभं पीक सोडून जाणार नाही, यावर माझी सगळी भिस्त होती.

शिवा भाऊजींच्या ते लगेच लक्षात आलं. "वहिनी, तुमी तर दुकान मांडलंय! दादा, गावाकडं कधी यायलास?"

"तोड व्हायची हाय," तुम्ही म्हणालात.

"कोनची तोड? ह्या टबातली की त्या?"

"तुझ्या वहिनीला इचार. रानाची मालकीन ती हाय."

भाऊजी हसले. तुम्ही हसला नाहीत आणि माझ्याकडे पाहिलंतही नाही. तुम्हाला कळलं होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. कळूनही तुम्ही पानं मोजून खुडत राहिलात, आतली कोवळी ठेवून बाहेरची, म्हणजे झाड पुन्हा फुटतं. तशाने तोडच संपत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी त्यावर काही बोलले नाही. बोलले तर तुम्ही उठून निघाल, अशी भीती होती.

असा हिवाळा गेला. मग एका मशीनच्या दिवशी तुमच्या पायांत गोळे आले. चौघांनी धरूनही पाय सरळ होईनात. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त माझा हात धरलात आणि इतका आवळलात की अंगठी बोटात रुतली. घरी आल्यावर तुम्ही अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलात. मी गॅलरीत गेले आणि ते टब पाहिले, ओळीने लावलेले, स्वच्छ, सगळ्यांचं पाणी वेळेवर बदललेलं. मला माझाच राग आला असं म्हणणार नाही. मला इतकंच वाटलं की आता पुरे. यांना जायचं आहे तर जाऊ दे.

मी पेरणं थांबवलं. एकेक टब रिकामा होत गेला, मी धुऊन पालथा घालत गेले. शेवटचा पाला तुम्ही कापलात त्या दिवशी मी तो टबही धुतला. फक्त त्याच्यात सवयीने पाणी भरून ठेवलं गेलं. संध्याकाळी मी म्हणाले, "शिवा भाऊजींना गाडी घेऊन बोलावते. आपण दिंद्रुडला जाऊ. तुम्ही म्हणता तसं."

ताकाची वाटी संपवलीत आणि झोपलात.

सकाळी स्वयंपाकघरात लाटणं ओट्यावर पडलेलं होतं आणि त्याला धण्यांचा वास येत होता. गॅलरीत गेले. पाण्याच्या टबावरच्या प्रत्येक पेल्यात नवा स्पंज, आणि प्रत्येक स्पंजाच्या चिरेत धणे, रगडून नीट दोन फाकी केलेले. पंप चालू होता. तुम्ही अंघोळ करून, विभूती लावून खुर्चीत बसला होतात.

"हे कावून?" मी तुमच्यासारखंच विचारलं.

"रिकामा टब बरा दिसत न्हाई."

"आणि गाव?"

"गाव काय पळून चाललंय?" मग म्हणालात, "धन्याला येळ लागतो. पालकासारखं न्हाई त्याचं."

मी तेव्हाच समोर बसून विचारायला हवं होतं. पण गॅसवर दूध उतू जायला लागलं, मी आत पळाले, आणि बाहेर आले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र उघडलं होतं. राहिलं. अजून पुष्कळ दिवस आहेत असं मला वाटलं. तुम्हीच तसं वाटायला लावलंत.

धणे उगवायच्या आत तुम्ही गेलात. मशीनचाच दिवस होता. रिक्षा खाली आली होती आणि तुम्ही पायात चपला घालत होतात. मला म्हणालात, "टब झाक. ऊन यायलंय." मी झाकण सारखं करून वळले तर तुमची मान छातीवर आली होती. दवाखान्यात नेलं, पण ते फक्त नेणं होतं. समाचाराला येणारे विचारतात, शेवटी काय बोलले? त्यांना महादेवाचं नाव ऐकायचं असतं. मी सांगते, शांतपणे गेले.

दिंद्रुडहून परत आले तेव्हा शिवा भाऊजी बरोबर होते. कुलूप त्यांनीच काढलं. म्हणाले, "वहिनी, दोन लुगडी घ्या अन् चला. आता इथं कावून ऱ्हायचं? दवाखाना संपला." खरं आहे. हे घर आपण मशीनसाठी घेतलं होतं. मी गॅलरीत गेले. जाताना पंप बंद करायचं माझ्या ध्यानात नव्हतं, शेजारच्या ताईंकडे किल्ली होती, त्यांनी पाणी बघितलं असावं. धणे उगवले होते. बारीक, वाकलेले, काहींच्या शेंड्याला अजून बियांची टोपी अडकलेली.

तेव्हापासून मी रोज तिथे बसते, तुमच्या खुर्चीत नाही, शेजारी स्टुलावर. आणि हाच प्रश्न उलटसुलट करते. मी तुम्हाला जायला मोकळं केलं आणि तुम्ही बी टाकलंत. तुम्हाला राहायचं होतं म्हणून? मशीन, गोळे, घोटभर पाणी, सगळं धरून राहायचं होतं? तसं असेल तर मी तुम्हाला अडवून ठेवलं नव्हतं आणि मला रात्री झोप लागायला हरकत नाही. की शरीराने तुम्हाला आधीच काही सांगितलं होतं, आणि ते बी तुमच्यासाठी नव्हतंच? सगळे टब पालथे घालून बसलेली बाई तुमच्या मागे काय करेल, हे तुम्ही पाहिलं होतं का? मी एक तोड, एक तोड करत तुम्हाला थांबवलं, तीच युक्ती तुम्ही माझ्यावर चालवलीत का? ज्याला वेळ लागतो असं बी निवडलंत म्हणून मला संशय येतो.

आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहा. याचं मला लिहिता येत नाही. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर!

रोहन, सई, तुमची आई रोज रडून सांगते आहे की तिकडे या, कागद करते, तिकीट पाठवते. उमा माझी मुलगी आहे, तिला एकटी आई बघवत नाही, मला समजतं. इकडे भाऊजी दर दोन दिवसांनी विचारतात की गाडी कधी आणू. दोघांनाही मी नाही म्हटलेलं नाही. दोघांनाही सांगितलं आहे, कोथिंबीर अजून बोटभरच आहे.